हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा

इ. स. १९३७ साली मुंबईची एक तरुण विद्यार्थिनी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात केंब्रिज येथे गेली. तिचे नाव कमला भागवत. सुप्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. केंब्रिजच्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राची एक नामांकित प्रयोगशाळा होती. तेथे सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करावे, असा तिचा मनोदय होता. परंतु ती तेथे गेली तेव्हा सगळ्या जागा भरून गेल्या होत्या.

प्रयोगशाळेत जागा म्हणजे काय, मुलांनो, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? मेजाचा दोन-चार हात लांबीचा एक तुकडा, जवळ पाण्याचा नळ, वायूची शेगडी आणि बाटल्या ठेवावयास एक फळी. बस्स, एवढेच! पण एवढी जागा नसेल, तर मनुष्य कितीही बुद्धिमान असला तरी त्याला तेथे काही करता येत नाही. कमलाबाईंची ही अडचण पाहून डॉ. डेरेक रिक्टर नावाचे एक संशोधक पुढे आले. दिवसा या बाईंनी माझ्या मेजावर काम करावे, रात्री ते मला असू द्यावे, असे त्यांनी सुचविले आणि प्रश्न मिटला.

सातासमुद्रांपलीकडून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला आपले मेज देणारा मनुष्य ज्या प्रयोगशाळेत होता, ती प्रयोगशाळा होती तरी कशी? तेथे कोण कोण माणसे काम करीत, आणि काय करीत?

आपण सकाळी भाकरी खातो आणि दुपारी मैदानात धावतो. भाकरीचे धावणे कसे झाले? पोटात गेलेल्या धान्याचे रक्त, मांस, हाडे, केस आणि शरीराची ऊब यांत कसे रूपांतर होते? सजीवांच्या शरीरात घडणाऱ्या अशा रासायनिक घडामोडींचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे जीवरसायनशास्त्र. लाकूड जाळावयाचे तर विस्तव लागतो. शरीरातील अन्न मात्र विस्तवावाचून, कोमट पाण्यात, हळूहळू जळते. हे कोडे सोडविणे हा त्या प्रयोगशाळेतील माणसांचा उद्योग होता.

हॉपकिन्स यांचा जन्म १८६१ सालचा. लहानपणी त्यांना किड्यांचा आणि फुलपाखरांचा नाद होता. एक जातीचा भुंगा शत्रू दिसताच शरीरातून जांभळट वाफेचा फवारा सोडतो. त्याचे निरीक्षण करून हॉपकिन्स यांनी वयाच्या सतराव्या वर्षी एका कीटकशास्त्रीय मासिकात टिपण छापून आणले. पण पुढचा मार्ग सरळ नव्हता. काही काळ त्यांनी विम्याच्या कचेरीत कारकुनी केली, मग रसायनाच्या प्रयोगशाळांतून उमेदवारी केली, आणि सत्ताविसाव्या वर्षी ते वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. या वयात बहुतेकांचे शिक्षण संपलेले असते. १८९८ साली ते केंब्रिजला आले. तेथेही प्रारंभीची कित्येक वर्षे विद्यार्थ्यांच्या शिकवण्या करण्यात त्यांची शक्ती खर्ची पडली. १९१० साली या अतिश्रमाने ते आजारी पडले. तेव्हा ट्रिनिटी महाविद्यालयाने त्यांना असे पद दिले की, शिकवण्यांच्या जाचातून सुटून त्यांना संशोधन करता यावे.

त्या शिकवण्यांतच एकदा एक गंमत घडली. प्रथिने ओळखण्याची एक जुनी रीत होती. अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा पदार्थ घेऊन त्यात ॲसेटिक आम्ल आणि वर गंधकाम्ल घातले की सुंदर जांभळा रंग येतो. हॉपकिन्स हा प्रयोग वर्गात करवून घेत होते. सगळ्यांच्या परीक्षानळ्या जांभळ्या झाल्या. एका विद्यार्थ्याची मात्र कोरी राहिली. दुसरा एखादा शिक्षक म्हणाला असता, "तू काहीतरी चुकलास, पुन्हा कर." हॉपकिन्स यांनी तसे केले नाही. या मुलाच्या नळीत रंग का येत नाही, हे शोधण्याच्या मागे ते लागले. शोधता शोधता असे दिसून आले की, ॲसेटिक आम्ल अगदी शुद्ध असेल तर रंग मुळीच येत नाही! रंग येतो तो त्या आम्लात मिसळलेल्या एका भेसळीमुळे. ती भेसळ कोणती हे कळल्यावर, प्रथिनातील कोणत्या घटकाशी तिचा संयोग होऊन जांभळा रंग येतो, याचाही माग लागला. १९०१ साली हॉपकिन्स आणि त्यांचे सहकारी सिडनी कोल यांनी तो घटक वेगळा काढला. त्यालाच ट्रिप्टोफॅन म्हणतात. आपले शरीर हा घटक स्वतः बनवू शकत नाही. तो अन्नातूनच मिळावा लागतो.

मग उंदरांचा प्रयोग आला. हॉपकिन्स यांनी लहान उंदरांचे आठ-आठांचे दोन गट केले. दोन्ही गटांना शुद्ध केलेले प्रथिन, पिष्ट, साखर, चरबी आणि क्षार हे सारे पोटभर दिले. एका गटाला त्याशिवाय रोज प्रत्येकी तीन घनसेंटिमीटर दूध दिले. तीन घनसेंटिमीटर म्हणजे लहान चमचाभर सुद्धा नव्हे. या उंदरांची वजने करून नोंदण्याचे काम नेमाने चालू होते. दूध पिणारे उंदीर वाढू लागले. दुसऱ्या गटातील उंदरांची वाढ खुंटली. अठराव्या दिवशी दूध पहिल्या गटाचे बंद करून दुसऱ्याला सुरू केले. तेव्हा खुंटलेले उंदीर वाढू लागले आणि वाढणारे थांबले! पोट भरले म्हणजे शरीर पोसले जाते असे नाही. अन्नात अगदी थोड्या प्रमाणात असणारे आणखी काही पदार्थ जगण्याला अवश्य असतात, हे यावरून दिसून आले. १९१२ साली हे निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. आज आपण या पदार्थांना जीवनसत्त्वे म्हणतो. या कामाबद्दल हॉपकिन्स यांना १९२९ साली क्रिस्तियान आइकमन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आइकमन यांनी जावा बेटात कोंबड्यांना सडलेला तांदूळ चारला आणि कोंडा काढून टाकल्यामुळे त्यांना रोग जडतो हे दाखविले होते.

हॉपकिन्स १९१४ साली केंब्रिजचे जीवरसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, तरी त्यांच्या विभागाला धड इमारत नव्हती. सर विल्यम डन या धनिकाने मागे ठेवलेल्या संपत्तीतून १९२४ साली टेनिस कोर्ट रोड नावाच्या रस्त्यावर नवी प्रयोगशाळा उभी राहिली, आणि मग तिथे नाना स्वभावांची, नाना देशांची माणसे जमली. शरीराने लहानसे असलेल्या या प्राध्यापकांना सगळे लाडाने 'हॉपी' म्हणत. आपल्याच विषयावर सर्वांनी काम केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह नव्हता. कोणी जिवाणूंवर, कोणी अंड्यातील गर्भावर, कोणी स्नायूंवर, तर कोणी झाडांच्या पानांवर काम करी. ही मंडळी स्वतःची थट्टा करणारे एक वार्षिकही काढीत. १९२३ पासून काही वर्षे ते निघत होते.

या माणसांत जे. बी. एस. हॉल्डेन हे एक अजब गृहस्थ होते. रक्तातील आम्लता बदलली तर शरीराचे काय होते, हे पाहण्यासाठी त्यांनी उंदीर घेतला नाही, ससा घेतला नाही. स्वतःच नवसागराचे पाणी प्याले आणि धापा टाकीत त्याची नोंद केली. (असले प्रयोग तुम्ही मात्र घरी करू नका.) हेच हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

मार्जरी स्टीफनसन यांचा विषय जिवाणू. जिवाणू म्हणजे रोग करणारे शत्रू, एवढेच लोकांना माहीत होते. ते खातात काय, श्वास कसा घेतात, हे विचारणारे थोडे. साखरेच्या कारखान्याच्या मळीने घाण झालेल्या ऊझ नदीतला चिखल बाईंनी प्रयोगशाळेत आणला आणि त्यातील जिवाणू वाढवून तपासले. हायड्रोजन वायूवर काम करणारे एक विकर त्यांना व त्यांच्या सहकाऱ्याला १९३१ साली जिवाणूंत सापडले. विकर म्हणजे सजीवांच्या शरीरात रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. १९४५ साली रॉयल सोसायटी या विद्वत्सभेने आपल्या जवळजवळ तीनशे वर्षांच्या आयुष्यात प्रथमच दोन स्त्रियांना सभासद करून घेतले. त्यांतील एक या स्टीफनसनबाई.

जोसेफ आणि डोरोथी नीडहॅम या पतिपत्नींची मेजेही येथेच होती. १९३७ सालीच त्यांच्याकडे चीनमधून तीन तरुण संशोधक शिकावयास आले. त्यांत लू ग्वे-जेन नावाची विदुषी होती. तिच्या सहवासाने जोसेफ यांना चिनी भाषेची गोडी लागली, आणि चीनमधील प्राचीन विज्ञानाचा इतिहास लिहिण्यात त्यांनी आपले पुढचे सारे आयुष्य वेचले. शिकविणारा शिष्यापासून किती शिकला पाहा! डोरोथीबाईंची गोष्ट मात्र निराळी आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यात काय घडते, या विषयात त्यांचा अधिकार मोठा होता, तरी आयुष्यभर त्यांना विद्यापीठात कायमची पगारी जागा मिळाली नाही. एक अनुदान संपले की दुसऱ्यासाठी अर्ज, असे त्यांचे सर्व दिवस गेले. रॉयल सोसायटीने १९४८ साली त्यांना सभासद केले, तेव्हाही त्यांची हीच स्थिती होती. हॉपकिन्स यांनी स्त्रियांना आपल्या प्रयोगशाळेत मोकळ्या मनाने जागा दिली, परंतु विद्यापीठाचे नियम त्यांच्या हाती नव्हते. १९४८ पर्यंत केंब्रिजमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी सुद्धा मिळत नसे.

१९३३ साली जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली आणि ज्यू विद्वानांना विद्यापीठांतून घालवून दिले जाऊ लागले. हान्स क्रेब्स या तरुण डॉक्टरला असेच एका दिवसात घरी बसविण्यात आले. हॉपकिन्स यांनी त्याला केंब्रिजला बोलावून घेतले. क्रेब्स आला तो आपली काचेची उपकरणे पेट्यांत भरून घेऊन. ही उपकरणे मोठी मजेदार असत. यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा अगदी पातळ काप लहानशा काचपात्रात ठेवावयाचा, ते पात्र शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात हलते ठेवावयाचे, आणि त्याला जोडलेल्या नळीतील द्रव किती सरकतो ते पाहावयाचे. जितका द्रव सरकला त्यावरून त्या कापाने किती प्राणवायू घेतला ते कळते. याच प्रकारच्या प्रयोगांतून क्रेब्स यांनी पुढे १९३७ साली शेफील्ड येथे, पेशीत अन्नाचे ज्वलन कोणत्या क्रमाने चक्राकार चालते ते दाखविले, आणि १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्याच सुमारास अर्न्स्ट चेन हाही जर्मनीतून आलेला निर्वासित हॉपकिन्स यांच्याकडे सापाच्या विषावर काम करीत होता. तो १९३५ साली ऑक्सफर्डला गेला आणि पेनिसिलिनचे औषध सिद्ध करणाऱ्यांत प्रमुख झाला.

एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख स्वतः चुकला तर काय करतो? १९२१ साली हॉपकिन्स यांनी ग्लूटाथायोन नावाचा पदार्थ शोधून काढला होता, आणि तो दोन घटकांचा बनलेला आहे असे जाहीर केले होते. काही वर्षांनी कॅनडातील दोन शास्त्रज्ञांनी लिहिले की, हे बरोबर नाही. हॉपकिन्स त्या वेळी साठी ओलांडलेले, सरदारकी मिळालेले, जगभर मान असलेले गृहस्थ. त्यांनी रागही धरला नाही आणि वादही घातला नाही. ते पुन्हा मेजापाशी उभे राहिले, तो पदार्थ स्फटिकरूपात मिळविला, तपासला आणि १९२९ साली छापून टाकले की माझे पूर्वीचे म्हणणे चुकले. त्यात दोन नव्हे, तीन घटक आहेत. नोबेल पारितोषिकही त्याच वर्षीचे.

आता कमलाबाईंकडे वळू. त्यांना मेजावाचून अडून राहण्याचा प्रसंग नवा नव्हता. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत गेल्या. त्यांचे वडील आणि चुलते त्याच संस्थेत रसायनशास्त्र शिकले होते. पण संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, मुलींना येथे प्रवेश नाही, असे सांगितले. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा. कमलाबाईंनी त्यांच्या कचेरीपुढे ठाण मांडले. अखेर प्रवेश मिळाला. पण अटी घालून. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानावयाचे नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावयाचे, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये! हा अपमान त्यांना जन्मभर बोचत राहिला. तथापि त्यांनी अटी मान्य केल्या आणि श्रीनिवासय्या या कडक गुरूंच्या हाताखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपल्यावर रामन यांनी त्यांना नियमित प्रवेश दिला, आणि त्यांच्यामागून इतर मुलींनाही संस्थेचे दार उघडले.

केंब्रिजमध्ये रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करू लागल्या. हे हिल म्हणजे अबोल आणि हौशी गृहस्थ. रंग देणारी झाडे स्वतः लावावयाची, त्यांच्यापासून रंग काढावयाचे आणि त्या रंगांनी चित्रे काढावयाची, हा त्यांचा छंद. सारे आकाश एकाच छायाचित्रात यावे म्हणून त्यांनी १९२४ साली एक विलक्षण भिंग बसविलेला कॅमेराही तयार केला होता. झाडांच्या पानांतून हिरवे कण वेगळे काढून, योग्य पदार्थ मिसळून उजेडात ठेवले तर पानाबाहेरही ते प्राणवायू सोडतात, हे त्यांनी १९३७ साली दाखविले.

शेजारच्याच एका संस्थेत डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञांनी १९२५ साली एक मौज पाहिली होती. पाव फुगविण्याचे यीस्ट पाण्यात कालवून त्यांनी ते वर्णपटदर्शकातून न्याहाळले, तेव्हा रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसल्या. यीस्ट हवेत जोराने हलविले की रेघा नाहीशा होत; ते स्वस्थ ठेवले आणि त्यातील प्राणवायू संपला की रेघा परत येत. जणू यीस्टचे श्वास घेणेच डोळ्यांना दिसत होते! या रेघा पाडणाऱ्या पदार्थांना सायटोक्रोम असे नाव मिळाले. त्यांत लोह असते. पेशीतील अन्न प्राणवायूशी एकदम भिडत नाही. त्यातून निघणारे विद्युत्कण सायटोक्रोम एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवितात आणि शेवटी ते प्राणवायूच्या हवाली होतात.

प्राण्यांत आणि यीस्टमध्ये हे चालते. मग बटाट्यात काय? बटाटा जमिनीखाली स्वस्थ पडलेला दिसतो, पण तोही जिवंत आहे, तोही श्वास घेतो. कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. वनस्पतींवर असे काम करणे कठीण. चिरलेला बटाटा कसा काळा पडतो ते तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेच असेल. अशा काळवंडणाऱ्या रसात बारीक रेघ शोधावयाची! त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडले, आणि वनस्पतींच्या पेशींतील श्वसनातही त्याचा वाटा आहे हे दिसून आले. १९३९ साली हिल आणि भागवत या दोघांच्या नावांनी यासंबंधीचे टिपण 'नेचर' या साप्ताहिकात आले. कमलाबाईंचा प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांचा होता आणि तो त्यांनी चौदा महिन्यांत पुरा केला. याच प्रबंधावर त्यांना केंब्रिजची पीएच. डी. मिळाली.

हॉपकिन्स १९४३ साली निवृत्त झाले आणि १९४७ साली वारले. त्यांच्या विभागात १९४० मध्ये आलेल्या फ्रेडरिक सँगर या विद्यार्थ्याने पुढे इन्शुलिन या प्रथिनातील सर्व एक्कावन्न घटकांचा क्रम एकेक करून लावला आणि दोन वेळा नोबेल पारितोषिक मिळविले. टेनिस कोर्ट रोडवरील त्या विभागाची एक इमारत आज हॉपकिन्स यांच्या नावाने आणि दुसरी सँगर यांच्या नावाने ओळखली जाते.

कमलाबाई १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूर येथे काही काळ काम करून, १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि कमला सोहोनी या नावाने विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. आता मेजे देण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या मेजांवर मुंबईची मुले-मुली डाळी, भात आणि ताडमाडाची नीरा तपाशीत बसत. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे पदार्थ असतात आणि शिजविल्याने त्यांचा जोर बराच कमी होतो, या विषयावर त्यांनी काम केले. नीरेत कोणती जीवनसत्त्वे आणि किती लोह आहे, नीरेपासून गूळ केला तर त्यांतले काय टिकते, हे त्यांनी मोजले. कुपोषित आदिवासी मुलामुलींना आणि गरोदर स्त्रियांना ही नीरा दिली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसून आले. या कामाबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.